दीड इंचाची माया

ब्लाऊज शिवायला टाकणारी बाई दुकानाची पायरी उतरता उतरता मागे वळते आणि हमखास विचारते, "आत माया ठेवाल ना?" बत्तीस वर्षं मी हा प्रश्न ऐकला आणि बत्तीस वर्षं तोंडात टाचण्या धरून मान डोलावली.

ज्यांचा शिवणकामाशी संबंध तुटलेल्या बटणापुरताच येतो त्यांच्यासाठी सांगते. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाहेरून ते दिसत नाही. बाई बाळंत झाली, अंगानं भरली, किंवा नुसतीच सुखाला लागली, की टाके उसवायचे, आतली माया मोकळी करायची आणि तोच ब्लाऊज पुन्हा अंगाला येतो. हा शब्द आमच्या धंद्यात कोणी आणला कोण जाणे, पण ज्यानं आणला तो माणूस घरी बायकोशी बरा वागत असणार.

मी माया ठेवणारी टेलर होते. एकदाच चुकले. त्या एका वेळेबद्दलच लिहायला बसले आहे. ह्या अंकाच्या संपादक बाईंनी फोनवर बजावलं होतं, "धंद्यातल्या गमतीजमती लिहा हं, रडगाणं नको." बाई, गंमतच सांगते. फक्त ती गंमत आहे हे कळायला मला सतरा वर्षं लागली.

माझं दुकान ठाकुर्लीला, पूर्वेला होतं. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, दोन मशीन, एक पडदा आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. आता बिल्डिंग पाडायला घेतली म्हणून दुकान बंद केलं आणि आम्ही दोघं कोलशेतला मुलाकडे राहायला आलो. गंमत बघा, आमच्या ह्यांनी ज्या कंपनीत सगळी नोकरी फिटर म्हणून काढली, तिच्याच जागेवर हा टॉवर उभा आहे. हे म्हणतात, "मी ज्या खात्यात घामाघूम व्हायचो, त्याच्या बरोब्बर वर तेराव्या मजल्यावर आता पंख्याखाली झोपतो." मशीन मी बरोबर आणलंय. सून आधी "मम्मी, आता आराम करा" म्हणत होती. तिचे चार कुर्ते कमरेत घेऊन दिल्यापासून काही म्हणत नाही.

तर भिंतीवरचे खिळे. ते लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच घात केला.

आमच्याकडे बायका अंगाचं माप द्यायला लाजतात म्हणा किंवा कंटाळतात म्हणा, त्या मापाचा ब्लाऊज देतात. म्हणजे आपल्याला नीट बसणारा जुना ब्लाऊज नव्या कापडाबरोबर आणून टाकायचा. टेलरनं त्यावरून बेतायचं. मी प्रत्येक मापाच्या ब्लाऊजला नावाची चिठ्ठी टाचणीनं लावून खिळ्याला अडकवायची. लग्नसराईत ती भिंत म्हणजे हेडमास्तरांसमोर रांगेत उभ्या केलेल्या बायकांसारखी दिसायची.

ह्या रांगेत नेनेबाईंचा ब्लाऊज कायमचा. नेनेबाई डोंबिवलीच्या. बँकेत होत्या, शिस्तीच्या, बोलणं स्वच्छ. दर वर्षी लग्नसराईत चार ब्लाऊजपीस आणायच्या आणि मापाला एकच ब्लाऊज, त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणातला, मोतिया रंगाचा, बारीक अंगाचा.

"शालिनीबाई, अगदी ह्याच मापाचे शिवा."

मी नेनेबाईंकडे बघायची, मग ब्लाऊजकडे बघायची. दोघींच्या मधे वीसेक वर्षांचा श्रीखंड-पुरीचा इतिहास होता. पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर असं बोलायचं नसतं. मी चिठ्ठी लावून तो ब्लाऊज खिळ्याला अडकवायची, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता नजरेच्या मापानं दोन इंच वाढवून बेतायची आणि शिवून द्यायची. नेनेबाई पडद्याआड घालून बघायच्या आणि हात पसरून बाहेर यायच्या.

"बघा! तसूभरही फरक नाही माझ्यात!"

तसू हे शिंप्यांचंच जुनं माप, दीडेक इंचाचं. बाईंच्या तोंडून ऐकलं की मला हसू आवरायला टाचण्या उपयोगी पडायच्या.

आता ती चूक.

प्रज्ञा आमच्याच चाळीतल्या पलीकडच्या लायनीतली. आई बिचारी दोन वर्षांपूर्वी गेलेली. लग्न ठरलं तेव्हा ती आईची लग्नातली पांढरी रेशमी साडी घेऊन आली. आमच्यात, बौद्धांत, लग्नाला नवरीची साडी पांढरी. त्या साडीच्या टोकाला ब्लाऊजपीस होता तसाच, न कापलेला. आईनं स्वतःच्या लग्नात दुसरा ब्लाऊज घातला होता आणि हा पीस राखून ठेवला होता.

"काकू, आईनं हा ठेवला तो माझ्यासाठीच असणार ना?" प्रज्ञानं विचारलं.

"मग काय तर," मी म्हटलं.

पीस आखूड पन्ह्याचा, जेमतेम होता. मी ठरवलं, हा शेवटी, निवांत बेतायचा. पण लग्नसराईत निवांत हा शब्द कुठला? लग्नाला तीन दिवस असताना मी सकाळी एका मागोमाग सहा ब्लाऊज कापायला घेतले. प्रज्ञाचा मापाचा ब्लाऊज पांढरा, नेनेबाईंचा मोतिया, दोन्ही शेजारच्या खिळ्यांवर. मी हात वर केला, हाताला लागला तो काढला, पसरला, खडूनं आखलं आणि कात्री चालवली. चिठ्ठी वाचली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी हुका लावून झाल्या. इस्त्री करताना वर बघितलं तर प्रज्ञाचा मापाचा ब्लाऊज खिळ्यावर जसाच्या तसा. त्याची घडीही मोडली नव्हती. मी तो काढला आणि शिवलेल्यावर ठेवला. दोन इंच कमी. मापाला नेनेबाईंचा दिवाळसण घेतला होता मी. आणि पीसच जेमतेम, त्यामुळे माया अशी ठेवलीच नव्हती.

इस्त्री तशीच आपटून मी खाली बसले. एखादं साधं कापड असतं तर पळत डोंबिवलीला जाऊन दुसरं आणलं असतं. आईचा पीस कुठून आणणार?

मग जे सुचलं ते केलं. घरी जाऊन माझी स्वतःची लग्नातली साडी काढली. तीही पांढरी, रेशमी, रंग जवळजवळ तोच. निऱ्यांच्या आत जे टोक कमरेला खोचतात तिथून दोन पट्ट्या कापल्या आणि ब्लाऊजच्या दोन्ही काखांखाली जोड दिला. दोन्ही मिळून जोड दीड इंचाचाच बसला, त्याहून मोठा घातला असता तर हात वर करताच दिसला असता. म्हणजे अर्धा इंच घट्ट राहणारच होता. आतून अस्तर नीट लावलं. संध्याकाळी प्रज्ञाची मावशी ब्लाऊज घेऊन गेली. "झाला ना नीट?" तिनं विचारलं. "झाला," मी म्हटलं.

तो "झाला" मला पुढे फार महागात पडला.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या हॉलवर मी दुसऱ्या रांगेत बसले होते. माझे डोळे नवरीच्या चेहऱ्यावर नव्हतेच, काखेवर होते. वंदनेसाठी नवरा-नवरी खाली बसले, आणि त्या शांततेत मला स्पष्ट ऐकू आलं, टर्र्र. कापड फाटल्याचा आवाज मला कोणी शिकवायला नको. वंदना झाली, दोघं हार घालायला उठले, तेव्हा प्रज्ञानं पदर ओढून दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि शेवटपर्यंत तसाच ठेवला. मी न जेवता घरी आले. ह्यांनी विचारलं, "जेवण कसं होतं?" मी म्हटलं, "फाटला."

तिथून माझ्या डोक्यात जे सुरू झालं त्याला काय म्हणतात ते डॉक्टरांना माहीत. मशीनवर कधीकधी खालचा दोरा अडकतो. वरून सगळं ठीक दिसतं, चाक फिरतंय, सुई खाली-वर होतेय, पण कापड पुढे सरकत नाही आणि खाली एकाच जागी दोऱ्याचा गुंतवळा वाढत राहतो. माझं तसं झालं. भाजी निवडताना, विहारात बसल्यावर, कुणाशी बोलता बोलता तेच. चिठ्ठी वाचली असती तर. नेनेबाईंचा ब्लाऊज दुसऱ्या भिंतीला अडकवला असता तर. मावशीला खरं सांगितलं असतं तर. बिनआईच्या पोरीचा ब्लाऊज, तोही आईच्या कापडाचा, भर मांडवात फाटला, आणि फाडणारी मी.

मी मापं तीन-तीनदा घ्यायला लागले. अंगाचं घ्यायचं, ब्लाऊजचं घ्यायचं, मग पुन्हा अंगाचं. एक मुलगी वैतागून म्हणाली, "काकू, मी काय पाच मिनटात जाडी झाली काय?" चिठ्ठी एकाच्या ऐवजी दोन लावायची, एक आतून, एक बाहेरून. जेवतानाही टेप गळ्यात. आमचे हे संध्याकाळी कोलशेतहून आले की चपला काढता काढता विचारायचे, "काय, आज किती वाजता फाटला?" मी चिडायची. त्यांनी विचारणं सोडलं नाही.

एकदा पौर्णिमेला विहारात प्रज्ञाचे वडील भेटले. "ब्लाऊज झकास शिवलेला हां तुम्ही," ते म्हणाले. साधा, भला माणूस. पण मला तो टोमणाच वाटला. घरी येऊन दोन दिवस मी "झकास" ह्या शब्दाची चिरफाड करत बसले.

आणि सगळ्यावर कडी केली ती स्टुडिओवाल्यानं. आमच्या घरापासून दुकानाकडे जाताना वाटेत एक फोटो स्टुडिओ होता. त्यानं लग्नाचे फोटो काढले होते. त्यातला हार घातलेल्या जोडप्याचा एक भलामोठा फोटो त्यानं दर्शनी काचेत लावला. दोन्ही खांद्यांवर गच्च पदर ओढलेली प्रज्ञा रोज सकाळी दुकानात जाताना माझ्याकडे बघायची आणि संध्याकाळी परत येताना पुन्हा बघायची. आठवडाभर सोसलं. मग मी रस्ता बदलला. रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्सच्या मागून लांबचा वळसा, जाताना वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं. लोकांना वाटलं मला साखर निघाली, म्हणून चालते. मीही तसंच सांगायची.

वर्षं गेली. वळसा चालूच.

मधे एकदा नेनेबाईंपुढे तोंडातून निघून गेलं. त्या नेहमीसारख्या मोतिया ब्लाऊज घेऊन आल्या होत्या आणि मी तो खिळ्याला अडकवताना दोन-दोन चिठ्ठ्या लावत होते.

"अहो, ही काय नवीन तऱ्हा?"

त्या दिवशी माझं मन भरून आलेलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. कसा हात चुकला, कसा त्यांचा ब्लाऊज हाती लागला, कसा दोन इंच कमी पडला. नेनेबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माझे ब्लाऊज ह्या मापाचे शिवत नव्हता तर."

इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक मी एका वाक्यात गमावलं होतं. आणि नेनेबाई हसायला लागल्या. इतक्या, की चष्मा काढून डोळे पदरानं पुसावे लागले.

"शालिनीबाई, आमच्या घरी आरसा आहे हो! मला काय कळत नाही?"

"मग दर वर्षी हा ब्लाऊज कशाला आणता?"

"बरं वाटतं. कपाटातून काढायचा, तुमच्याकडे आणायचा, पुन्हा घडी करून ठेवून द्यायचा. पण मी त्यात शिरायला जाते का कधी? तुम्ही मात्र रोज त्या एका दिवसात शिरायला बघता. कसं व्हायचं?"

बोलणं पटलं. पण पटलेलं अंगवळणी पडायला वेळ लागतो. संध्याकाळी मी वळसा घेऊनच घरी गेले.

दुकान बंद व्हायला दोन महिने राहिले होते, तेव्हाची गोष्ट. मी टेबलावर कुर्ता बेतत होते आणि दारात एक बाई आणि तिच्याहून उंच, खांद्यानं दणकट अशी एक मुलगी उभी राहिली.

"जयभीम काकू. ओळखलंत का? मी प्रज्ञा."

माझ्या हातातून कात्री खाली पडली. नशीब पायावर नाही पडली.

प्रज्ञा आता कल्याणला राहते, ठाण्याला एका ऑफिसात नोकरी करते. दणकट मुलगी म्हणजे तिची लेक, मैत्री. दहावीत होती आणि शाळेच्या गोळाफेकीच्या टीममध्ये. दोन दिवसांनी तिचा सेंड-ऑफ होता. दहावीच्या सेंड-ऑफला सगळ्या मुली साड्या नेसतात, आणि हिला आजीचीच साडी हवी होती.

"साडी मस्त आहे, ब्लाऊज चढतच नाय," मैत्री म्हणाली. "मम्मी बोलली, जिने शिवला तीच ढिला करेल."

प्रज्ञानं पिशवीतून तो ब्लाऊज काढून माझ्या टेबलावर ठेवला. रेशीम पिवळसर झालं होतं. "आत माया असेल ना काकू?" ती म्हणाली. "तुम्ही ठेवताच."

मी ब्लाऊज उचलला. डोकं झरझर चालायला लागलं, सतरा वर्षांपूर्वी त्या दुपारी चाललं होतं तसंच. ठेवून जा म्हणायचं. त्या गेल्या की उसवायचा, पुन्हा जोड द्यायचा, पुन्हा अस्तर. कुणाला कळणार नाही.

"ठेवून जा," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळी ने."

त्या दोघी निघाल्यासुद्धा. पायरी उतरल्या. मी ब्लाऊज हातात धरून उभी होते आणि मला दिसलं की आता उद्यापासून हे सगळं नव्यानं सुरू होणार. आणखी सतरा वर्षं काही माझ्याकडे नाहीत.

"प्रज्ञा, आत ये. पोरीला घेऊन ये."

दोघींना स्टुलावर बसवलं. ब्लेड घेतलं आणि त्यांच्यासमोर काखेजवळचं अस्तर उसवलं. आतला जोड उघडा केला. बाहेरचं कापड पिवळं पडलं होतं, काखेआड झाकलेली जोडाची पट्टी अजून पांढरी होती.

"ह्यात माया नाही," मी म्हटलं. "मी चुकीच्या मापानं कापला होता, दुसऱ्याच बाईच्या. तुझ्या आईचा पीस मी वाया घालवला. मग लपवायला हा जोड दिला. जोडाचं कापड तुझ्या आईचं नाही, माझ्या लग्नातल्या साडीचं आहे. तुला सांगितलं नाही. मांडवात फाटला तो माझ्यामुळे."

प्रज्ञा त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. बाहेर रिक्षा हॉर्न वाजवत होती आणि मी मनात म्हणत होते, ओरड बाई, काय ते ओरड एकदा.

"म्हणून घट्ट होता होय!" ती अचानक म्हणाली. "काकू! मला वाटलं मी केळवणं खाऊन खाऊन सुटली! मी सासरी गेल्यावर आठ दिवस भात सोडलेला!"

"काय सांगतेस?"

"आई शप्पथ! सासूबाईंना वाटलं सून रुसली म्हणून जेवत नाय. त्यांनी माझ्या पप्पांना बोलावून घेतलेलं!"

मैत्री स्टुलावरून पडायची राहिली. मी हसू की रडू ह्या पेचात. "पण फाटला ना गं? वंदनेला बसलात तेव्हा मी ऐकलं. टर्र झालं."

"टर्र?" प्रज्ञानं क्षणभर आठवलं आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अहो काकू, ती ह्यांची पँट! खाली बसताना मागून फाटली. म्हणून तर अल्बममध्ये ह्यांचा पाठमोरा एक पण फोटो नाय!"

"पप्पांची पँट?" मैत्री किंचाळली. "मम्मी, यार, हे तू मला कधीच नाय सांगितलं!"

"मग तू पदर का ओढलास दोन्ही खांद्यांवरून?"

"आईच्या लग्नाच्या फोटोत तिचा पदर तसाच आहे ना. मला तिच्यासारखं दिसायचं होतं."

मी खुर्चीवर बसले. कुण्या जेंट्स टेलरनं पँटच्या शिवणीत माया ठेवली नाही, आणि त्याचं पाप सतरा वर्षं मी वाहिलं. तो गृहस्थ जिथे असेल तिथे मजेत असणार.

हसणं ओसरल्यावर प्रज्ञा पुन्हा त्या पट्टीकडे बघत म्हणाली, "पण सांगायला हवं होतं काकू. कापड आईचं होतं."

"हवं होतं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

ते एक माझ्या नावावर राहिलंच, आणि राहू दे. खरी चूक होती तेवढीच, अर्ध्या इंचाची आणि एका खोट्या शब्दाची. बाकी सगळं मी स्वतः घरबसल्या वाढवलं होतं.

"तुम्ही तुमच्या लग्नाची साडी कापलीत?" तिनं विचारलं. "आमच्यासाठी?"

"तुझ्यासाठी कसली, माझी लाज झाकायला."

"काही पण हां," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

मैत्रीला एवढं सगळं पुरे झालं होतं. "ओके, पण आता सीन काय आहे? मला बसणार की नाय?"

दुसऱ्या दिवशी मी घरून ती साडी दुकानात आणली. ऑफिसहून प्रज्ञा आणि शाळेतून मैत्री आली, त्यांच्या डोळ्यांसमोर साडीच्या त्याच टोकाला पुन्हा कात्री लावली. मैत्रीचं माप अंगाचं घेतलं, एकदाच. जुना जोड काढून मोठा घातला आणि दोन्ही बाजूंना आत दीड-दीड इंच माया ठेवली.

"एवढी कशाला?" मैत्रीनं विचारलं.

"गोळा फेकतेस ना? खांदे वाढणार तुझे."

ती ब्लाऊज घालून, बरोबर आणलेली आजीची साडी वरच्यावर गुंडाळून बाहेर आली. दोन्ही हात वर केले, मग गोळा फेकल्यासारखा एक झोकात फिरवला. मी कान टवकारले. कुठे काही वाजलं नाही. तिनं आरशासमोर पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, तेव्हा प्रज्ञा जरा वेळ दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

त्या गेल्यावर मी कुलूप लावलं आणि नेहमीच्या सवयीनं क्वार्टर्सच्या बाजूला वळले. दहा पावलांवर थांबले. म्हटलं, आज नाही. आज सरळ रस्त्यानं जायचं, स्टुडिओच्या काचेसमोर उभं राहायचं, त्या फोटोतल्या नवऱ्याकडे बघायचं आणि पोटभर हसायचं.

गेले. स्टुडिओची जागा काही सापडेना. दोनदा पुढे-मागे झाले. जिथे काच होती तिथे काचच होती, पण आत क्रीम रोल, पॅटिस आणि एक निळा केक. मी काउंटरवरच्या बाईला विचारलं, "इथं स्टुडिओ होता ना?"

"तो बंद होऊन चार वर्षं झाली की, मावशी."

चार वर्षं! चार वर्षं मी, ऊन असो पाऊस असो, नसलेल्या फोटोला वळसा घालून चालत होते. मी तिथेच उभी राहून हसायला लागले. त्या बाईनं मला पाणी दिलं. मी दोन पॅटिस घेतले आणि आठ मिनिटांत घरी पोचले.

हे दारातच बसले होते. आदल्या दिवसाचं सगळं त्यांना माहीत होतं, पँटचं ऐकून ते जेवताना दोनदा ठसकले होते. तरी सवयीनं विचारलंच, "काय, आज किती वाजता फाटला?"

"अहो, तो स्टुडिओ बंद झालाय! चार वर्षं झाली!"

"मग? मी होतो ना, त्यानं बोर्ड उतरवला तेव्हा."

"तुम्हाला माहीत होतं? आणि मला सांगितलं नाहीत?"

त्यांनी माझ्या हातातला एक पॅटिस घेतला, कागद उलगडला आणि माझ्या पायांकडे बोट केलं.

"रोजचं चालणं होत होतं तुझं. गुडघे बघ कसे राहिलेत."